'रिबेका' रटाळ का वाटते लोकांना? (शेवट फोडलाय, वाचायची असेल तर इथंच थांबा)

जागलीवाला
यंदा हरभऱ्याच्या जागलीला महिनाभर वावरातच झोपायला होतो, रानडुकरांनी अर्धा पट्टा उकरून ठेवला म्हणून, अन् तिथंच माळ्यावर बॅटरीच्या उजेडात रिबेका वाचली. दाफ्ने द्यु मोरिएची, १९३८ ची. पुतण्यानं देताना सांगितलं, काका लय स्लो हाय, शंभर पानं झाली तरी काही होतच नाही. मला तर पहिल्या रात्रीपासूनच झोप नाही.

गोष्ट थोडक्यात अशी की एक साधी पोरगी डी विंटर नावाच्या श्रीमंत बिजवराशी लग्न करून त्याच्या मँडर्ली नावाच्या मोठ्या घरात येते, पहिली बायको रिबेका समुद्रात बुडून गेलेली, पण घर अजून तिच्याच पद्धतीनं चाललेलं, अन् घराचा कारभार बघणारी मिसेस डॅनव्हर्स नवीन बाईला तिथं रुजूच देत नाही. गोष्ट ही पोरगीच सांगते पण तिचं स्वतःचं नाव शेवटपर्यंत कळत नाही.

एकच प्रसंग सांगतो. सकाळी फोन वाजतो, पलीकडून मिसेस डी विंटर का म्हणून विचारतात, तर ही म्हणते तुमची चूक होतेय, मिसेस डी विंटर जाऊन वर्ष झालं. अन् मग तिला कळते की आता मिसेस डी विंटर तर मीच! ना खून ना रक्त, पण माझ्या अंगावर काटा आला. जागलीत डुक्कर दिसलं की भ्याव जाते, डबा वाजवला की पळते ते. पण धुऱ्याजवळची तूर हलते अन् काहीच दिसत नाही, तेव्हाचं भ्याव वेगळं. असली कादंबरी हळू चालली तरच लागते, पळवली की मेली.

वाचनालयवाली
दादा तुम्हाला रात्रभर जागायचंच होतं, त्यात पुस्तक गोड लागलं. आमच्या गावच्या वाचनालयात ही परत येते ना तेव्हा साठ-सत्तराव्या पानात एसटीचं तिकीट तसंच अडकलेलं असतं, म्हणजे तिथंच सोडली. आणि वाचक मूर्ख नाहीत हो, दिवसभर कापूस वेचून आलेली बाई सुद्धा दोन दिवसात जाडजूड कादंबरी संपवते माझ्याकडे. माझा आक्षेप वेगळाच आहे. नवऱ्यानं एक वाक्य बोललं असतं की मला रिबेका आवडत नव्हती, तर अर्धं पुस्तक उरलंच नसतं. तो बोलत नाही कारण लेखिकेला तो बोलायला नकोय. पात्रांची तोंडं शिवून ठेवायची आणि त्याला सस्पेन्स म्हणायचं, हे मला पटत नाही.

दुसरेपणाची
ताई, एका वाक्याचं सोपं वाटते लिहायला. मी स्वतः बिजवराला दिलेली आहे. लग्नात गळ्यात सवतीचा टाक घातला, चांदीचा, नखाएवढा, रोज आंघोळ झाली की आधी त्याला हळदकुंकू. तीन वर्षं मी यांना विचारलं नाही की ती कशानं गेली, अन् यांनी सांगितलं नाही. भांडण नव्हतं काही, चांगले वागत होते, पण विचारलं असतं तर सगळं घर थांबलं असतं असं वाटायचं. त्या पुस्तकात ती चिनी मातीची छोटी मूर्ती फोडते आणि तुकडे ड्रॉवरमध्ये लपवते, स्वतःच्याच घरात, अन् पुढं आळ नोकरावर येतो. मी सवतीच्या हातची लोणच्याची बरणी फोडली होती अन् खापरं उकिरड्यात पुरली होती, सासूबाईंना वाटलं मांजरीनं पाडली. ते पान वाचून मी पुस्तक मिटवून बसले थोडा वेळ. तोंडं कोणी शिवत नाही ताई, आपोआप शिवली जातात.

वाचनालयवाली
हे वाचून गप्प झाले. पण एवढंच की तुमच्या घरात कोणी मेलेलं लपवलेलं नव्हतं. तिथं नवरा गुन्हा दाबून बसलाय, तुमच्या मुकेपणाची अन् त्याची बरोबरी नका करू.

यवतमाळकडचा
बरोबर बोलल्या ताई. मले स्लो असण्याचं काहीच नाही, मले शेवटाचा राग येते. पुस्तकाचा दोन तृतीयांश भाग झाल्यावर नवरा सांगते का मीच तिले गोळी घातली अन् बोटीत टाकून बोट बुडवली. अन् हे पोरगी काय करते? खुश होते, का त्याचं पहिलीवर प्रेमच नव्हतं! अन् वाचणाराही पुढं हाच घोर घेऊन बसते का हा आता सापडू नये. रिबेका वाईट होती हे जास्त करून सांगते कोण तर तिले मारणारा. मेलेली बाई बोलू शकत नाही. हिचकॉकनं १९४० मधे पिक्चर काढला तर त्यात तिले पडून डोक्याले लागून मेलेली दाखवली, कारण तवाच्या हॉलिवूडच्या नियमात बायकोले मारून नवरा मोकळा सुटणं बसत नव्हतं. म्हणजे त्याईले पण खटकलंच न.
आपल्याकडं 'पाय घसरून विहिरीत पडली' हे वाक्य किती गावात ऐकलं असन तुमी. पंचनामा होते, तेरवी होते, वर्षभरात नवऱ्याचं दुसरं लग्न. मी असं घर जवळून पाह्यलं हाय. म्हणून मले ते पुस्तक गोड लागत नाही, कितीबी चांगलं लिहू दे.

जागलीवाला
विहिरीचं वाचून दोन दिवस उत्तर नाही लिहिलं, पुस्तक पुन्हा काढलं. खोटं कशाला सांगू, बोट सापडते तिथं मी पण देवाला म्हणत होतो की आत काही निघू नये. माझ्याच बाजूच्या गावात असं झालं असतं तर मी असं म्हटलं असतं का? पण भाऊ, मी त्याच्या बाजूनं गेलो ते त्या हळूपणामुळंच गेलो. तीनशे पानं त्या पोरीच्या डोळ्यानं बघत बघत मीही भुललो. पटकन सांगितलं असतं की यानं बायको मारली, तर पहिल्या पानावरच शिव्या घालून मोकळा झालो असतो.

यवतमाळकडचा
मंग तर अजूनच वाईट झालं न. आपल्यालेच पाठराखे केलं तिनं.

दुसरेपणाची
भाऊ, मला ते विहिरीचं डोक्यातून जात नाही. काल रात्री जेवण झाल्यावर यांना विचारलं शेवटी. कावीळ होती म्हणाले, नागपूरला न्यायला उशीर झाला. मग उठून अंगणात जाऊन उभे राहिले कितीतरी वेळ.