मदत हवी आहे: व्हायाकॉमच्या वंशवृक्षात २००५ ची फाळणी कशी दाखवू?

माध्यम कंपन्यांच्या इतिहासाचा तक्ता करतेय, व्हायाकॉम या अमेरिकी माध्यम कंपनीपाशी अडलेय. १९७१ मध्ये सीबीएस या अमेरिकी टीव्ही कंपनीतून वेगळी झाली, १९९४ मध्ये पॅरामाउंट ही चित्रपट कंपनी घेतली, २००० मध्ये खुद्द सीबीएसलाच पोटात घेतलं. इथवर रेघ सरळ जाते.

२००५ अखेरच्या फाळणीत मात्र जुन्या कंपनीनेच सीबीएस कॉर्पोरेशन हे नाव घेतलं आणि व्हायाकॉम हे नाव नव्या कंपनीला मिळालं. नावाप्रमाणे रेघ ओढली तर कायदेशीर वारसा चुकतो. कायद्याप्रमाणे ओढली तर नव्या कंपनीकडे गेलेले एमटीव्ही आणि पॅरामाउंट स्टुडिओ मागचापुढचा इतिहास नसल्यासारखे लटकतात. तुटक आणि सलग रेघा वापरून पाहिल्या, पण दोन्ही कंपन्यांच्या २०१९ च्या पुनर्मीलनापाशी सगळा गुंता होतो. छपाई काळी-पांढरी आहे, त्यामुळे रंग नकोत. मालकीही दाखवायची नाहीये. दोन्हीकडे नियंत्रण रेडस्टोन कुटुंबाच्या नॅशनल अम्यूझमेंट्स या कंपनीचंच होतं.

अशा तक्त्यात मुख्य रेघ कशाची धरावी: नोंदणीची, नावाची की व्यवसायाची?