माळ्यावर सापडलेली चावीची आगगाडी: ड्युको मारू की आहे तशी ठेवू?

कुळागरवाला, सावईवेरे

नमस्कार मंडळी. पावसाआधी कौलं चाळायला माणसं आली होती. त्यांनी माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खाली काढली. आमचे चुलत आजोबा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला होते, त्यांची. आत कसर लागलेली दोन धोतरं आणि त्यांत गुंडाळलेली खेळण्यातली आगगाडी.

इंजिन तांबडं, वीतभर लांब, चार चाकांचं. बाजूला एल.एम.एस. आणि 2270 असं आहे, खाली हॉर्नबी. तीन डबे, रुळांचे 12 वाकडे तुकडे, चार सरळ. चावी नाही. रंग बरा आहे, फक्त छपरावर आणि कडांना तांबेरा. पण चाकांना भेगा गेल्यात, आणि एक तर हात लावताच मारी बिस्किटासारखं तुटलं!

फोंड्याला गाड्या रंगवणारा एक ओळखीचा आहे. तो म्हणतो, घासून ड्युको मारून नवीकोरी करून देतो. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गणपतीवर फळंपानं टांगलेल्या माटोळीखाली फिरवायचा विचार आहे, पोरं खूश होतील. रंगवू का? आणि गंजलेल्या चाकांचं काय करू?

मीटरगेज, वास्को

रंगवू नका. आधी ते फोंड्याचं रद्द करा, मग पुढचं वाचा.

या इंजिनाचा रंग फवाऱ्याने दिलेला नाही, पत्र्यावर छापलेला आहे. आधी सपाट पत्रा छापायचा, मग कापून-वाकवून पत्र्याच्याच जिभा खाचांत घालून मुडपायच्या. त्यामुळे ते आकडे, त्या बारीक पिवळ्या रेघा एकदा घासल्या की गेल्या. पॉलिश पेपर लावूच नका. थिनरही नको. ओला करून घट्ट पिळलेला कापूस, थेंबभर सौम्य साबण, आधी पोटाकडच्या बाजूला करून बघायचं. तांबेऱ्यावर शिलाई मशीनचं तेल बोटाने चोळून पुसा, बास.

चाकं गंजलेली नाहीत. ती जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव चाकं, मॅझॅक म्हणतात त्याला. ओतताना त्यात किंचित जरी शिसं मिसळलं तरी धातू कणाकणाच्या सांध्यांतून आतल्या आत फुटत जातो, फुगतो, शेवटी भुगा होतो. दमट हवेत हे लवकर होतं, आणि आपल्याकडे दमट हवेला काय तोटा! याला औषध नाही. चिकटवू नका, बदला. नवी ओतलेली चाकं विलायतेत सुटे भाग विकणाऱ्यांकडे मिळतात. बसवताना दोन्ही आसांवरच्या दांड्यांचे कोन जुळले पाहिजेत, नाहीतर गाडी लंगडत चालते.

एल.एम.एस. ही विलायतेतली खरी रेल्वे, 1923 ते 1947. पण तेवढ्यावरून खेळण्याचं साल काढू नका. हॉर्नबी या खेळण्यांच्या कंपनीने ती अक्षरं दुसऱ्या महायुद्धानंतरही छापली. चाकं अशी फुटलीत म्हणजे युद्धापूर्वीचं असावं, असा माझा अंदाज. युद्धापूर्वीच्या मालातच हा रोग जास्त दिसतो.

चावीसाठी घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाची लावून पाहा. सैल बसली तर जोर करू नका, चौकोन झिजतो. स्प्रिंग गुंडाळलेली असेल तर आधी चावी धरून हळूहळू सोडवून घ्या, मगच यंत्र उघडा. माझ्या अंगठ्यावर व्रण आहे, म्हणून सांगतो. जुनं तेल डिंकासारखं झालेलं असतं. पांढऱ्या पेट्रोलात धुवा, स्प्रिंगला ग्रीस, आसांना तेलाचा एकेक थेंब.

वास्कोचे मीटरगेज रूळ उखडले तेव्हा मी नोकरीत होतो. तुमच्या गाडीच्या दोन रुळांत अंतर 32 मिलिमीटर, पण जुनं इंजिन पुसण्याची रीत तीच.

तीन_रूळ, मडगाव

मीटरगेजकाकांशी सहमत. फक्त एक, लोक टिनप्लेटला, म्हणजे अशा पत्र्याच्या खेळण्यांना, टिनपाट म्हणतात तेव्हा माझं डोकं फिरतं.

तुमची चावीची आहे, सुटलात. माझी लायनेल, विजेवर चालणारी अमेरिकन. मावसभावाने अमेरिकेतून गाडी आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही आणले. तो 110 व्होल्टचा, आणि मी शहाण्याने थेट भिंतीच्या 230 मध्ये खुपसला. धूर निघाला, वास दोन दिवस घरात. शिवाय लायनेलला एसी लागतो आणि माझ्याकडच्या हॉर्नबी डब्लोला 12 व्होल्ट डीसी. दोन्हींना मधला तिसरा रूळ आहे म्हणून अदलाबदल करू नका.

पाऊसपाणी, डिचोली

थोडा वेगळा सूर लावतो. खेळणं आहे ते, देवघरातला टाक नव्हे. चाकं बदला आणि पोरांच्या हातात द्या. पावसाळ्यात मात्र प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत घाम धरतो. मी कपाटात झीरोचा बल्ब आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो.

मीटरगेज, वास्को

पाऊसपाणीबाब, द्या की! पण वळणावर उलटते हे आधी पोरांना सांगा. 12 तुकड्यांचा एक गोल होत असेल तर त्रिज्या दोन फूट, म्हणजे चार फुटांहून थोडी जास्त रिकामी जमीन लागेल. मखरापुढे तेवढी आहे का ते मोजा.

कुळागरवाला, सावईवेरे

चवथ झाली, म्हणून कळवतो. मखरापुढे जागा नव्हती. रूळ दरवाजाच्या बाजूला, माटोळीच्या कडेखाली मांडले. चाकं चवथीच्या तीन दिवस आधी पोचली. कोन जुळवण्यात रात्र गेली, काकूंच्या घड्याळाची चावी चपखल बसली. रंगवलं नाही.

तीन डबे लावून एका चावीत सहा फेऱ्या. केबिनमधून डोकावणाऱ्या दोन पट्ट्यांतली एक ब्रेकची, दुसरी मागेपुढे करायची, हे पोरांनी माझ्याआधी शोधलं. आरती चालू असताना माटोळीतलं एक आंबाड्याचं फळ सुटून नेमकं रुळावर पडलं, गाडी घसरली, आणि सगळी आरती सोडून तिकडे बघायला लागले. आई अजून बोलत नाही.

फुटक्या चाकांचा भुगा होमिओपॅथीच्या बाटलीत भरून पेटीतच ठेवलाय. आता शेवटचा डबा वळणावर सुटतो, डबे जोडायचा आकडा वाकलाय बहुतेक. पक्कडीने सरळ केला तर तुटेल का?