रेडिएटर ‘ब्लीड’ करणे : हवा काढायची की एअर?

मूळ प्रश्न
माझी थोरली बहीण हिवाळ्यात इंग्लंडला मुलाकडे राहायला जाणार आहे आणि तिथले घर गरम ठेवणाऱ्या यंत्रणेच्या सूचना मी तिला मराठीत लिहून देत आहे. बॉयलरमध्ये तापलेले पाणी पंपाने खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरते. पाणी तापले की त्यात विरघळलेली हवा सुटी होऊन रेडिएटरच्या माथ्याशी साठते, आणि तो खाली गरम पण वर गार राहतो. अशा वेळी यंत्रणा बंद करून ती निवू द्यायची, वरच्या कोपऱ्यातला चौकोनी खिळा किल्लीने पाव वळसा सैल करायचा, खाली फडके धरायचे आणि सूं आवाज थांबून पाणी येऊ लागले की तो पुन्हा आवळायचा. इंग्रजीत याला ‘ब्लीड’ करणे म्हणतात. मी ‘हवा काढणे’ लिहिले, तर बहीण म्हणाली, “हवा टायरची काढतात, आणि ती काढली की गाडी बंद पडते.”

प्रतिसाद १
आपल्या भगिनींची शंका रास्त आहे. आमच्या गॅरेजमध्ये हवा ‘भरतात’ आणि एअर ‘काढतात’. टायरमध्ये असते ती हवा, पण ब्रेकच्या किंवा डिझेलच्या नळीत शिरते ती एअर. सोसायटीच्या पंपानेही ‘एअर धरली’ असेच म्हणतात. नको त्या ठिकाणी अडकलेल्या हवेसाठी मराठीने हा शब्द वेगळा काढून घेतला आहे, म्हणून ‘एअर काढणे’ लिहावे.

प्रतिसाद २
पुण्यात बसून परका शब्द कशासाठी घ्यावा? पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात जो नळ आणला, त्यातली हवा बाहेर पडावी म्हणून वाटेत बांधलेल्या मनोऱ्यांना ‘उच्छ्वास’ म्हणतात. रेडिएटरलाही ‘उच्छ्वास देणे’ म्हणता येईल.

प्रतिसाद १
उच्छ्वास ही जागा झाली, कृती नव्हे. शिवाय तो कायम उघडा असतो. रेडिएटरचा खिळा उघडा राहिला तर खोलीत पाणी होईल.

प्रतिसाद ३
आयुर्वेदात ‘उच्छ्वास-निःश्वास’ अशी जोडी येते आणि तिथे उच्छ्वास म्हणजे आत घेतलेला श्वास. मग बाहेर सोडायच्या हवेला तो शब्द कसा चालेल?

प्रतिसाद २
मराठीत ‘श्वासोच्छ्वास’ म्हणताना उच्छ्वास बाहेरच पडतो. आपण मराठीविषयी बोलत आहोत.

मूळ प्रश्नकर्ता
सर्वांचा आभारी आहे. सूचनापत्रात तूर्त ‘एअर काढणे’ लिहिले आहे. नंतर काट्यावरचा दाब उतरतो आणि थंड असताना तो साधारण 1 ते 1.5 बारवर आणावा लागतो, हेही जोडले आहे. रेडिएटर वर गरम आणि खाली गार असेल तर मात्र दोष हवेचा नसून तळाशी बसलेल्या काळ्या गंजाचा असतो. त्याला नुसता ‘गाळ’ म्हटले तर बहिणीला नदीतला गाळ वाटेल का?

प्रतिसाद ३
गाळाचे नंतर पाहू. ‘उसासा’ हा शब्द उच्छ्वासावरूनच आला आहे, आणि उसासा कोणी आत घेत नाही, तो टाकतात किंवा सोडतात. तेव्हा प्रतिसाद २ च्या लेखकांचा मुद्दा मला अर्धा मान्य करावा लागेल.