मदत हवी आहे: हापूसच्या एकाच कलमावर फळं, कोवळी काडी आणि वर पुन्हा मोहोर, आता काय करू?

नमस्कार मंडळी. देवगडकडे आमची पन्नासेक हापूसची कलमं आहेत, बाग काका बघतात आणि मी ठाण्यात बसून व्हॉट्सॲपवरचे फोटो बघून त्यांना प्रश्न विचारत असते. यंदाचं प्रकरण आम्हा दोघांनाही कळेना म्हणून इथे टाकतेय, लांबलंय, सांभाळून घ्या.

यंदा पाऊस ऑक्टोबर संपत आला तरी हलेना. थांबला एकदाचा आणि बऱ्याच कलमांना भरभरून पालवी आली, बघायला छान दिसतं पण पोटात गोळा येतो. ज्या काड्या पालवल्या नाहीत, जून (म्हणजे पक्व) राहिल्या, त्यांना डिसेंबरच्या सुरुवातीला मोहोर आला आणि आता त्यावर कणी (नुकतंच धरलेलं बारीक फळ) आहे, काही ठिकाणी वाटाण्याएवढी फळं पण धरलीत. म्हणजे एकाच कलमाच्या एका अंगाला फळं आणि दुसऱ्या अंगाला नोव्हेंबरची पालवी, पानं हिरवी झालीत पण काडी अजून लवते, बोंगा (मोहोराचा कोंब) फुटायचं नाव नाही. बांधावरचा रायवळ (कोयीपासून वाढलेला गावठी आंबा) मात्र पूर्ण मोहरून मोकळा. रायवळाचं समजू शकते, प्रत्येक झाड वेगळ्या कोयीचं, त्याचं वेळापत्रक त्याचं. पण हापूसची कलमं तर सगळी एकाच जातीची, मग शेजारशेजारची दोन कलमं महिना महिना पुढेमागे का?

आता खरी अडचण. जानेवारीच्या शेवटी थंडी परत वाढली आणि ज्या काड्यांवर फळं आहेत तिथेच, जुन्या मोहोराच्या बुडाशी, नवीन बोंगे दिसायला लागलेत. काका म्हणतात असा मोहोर आला की खालची कणी गळते, पूर्वी पण झालंय. आणि आत्ताच्या बोंग्याचा आंबा तयार व्हायला मे संपणार, म्हणजे वळवाच्या पावसात सापडणार, डाग पडणार, शेवटी कॅनिंगच्या भावाने द्यायचा. मार्च-एप्रिलला वाशीला जाणारी पेटी गळून पडावी आणि तिच्या जागी हे यावं, जीव जळतो हो.

तर आलेले बोंगे हाताने मोडून काढावेत का, का काही फवारायचं असतं? आणि त्या कोवळ्या काड्यांना यंदा मोहोर येईल का? काकांना विचारलं तर "झाडाक सगळा कळता" एवढंच उत्तर. झाडाला कळत असेल हो, मला कळत नाही ना.

रत्नागिरीकर बागायतदार:
ताई, एकाच जातीची असली तरी काडीचं वय एक नाही ना. आपल्याकडे थंडी काही उत्तरेसारखी कडक पडत नाही, त्यामुळे मोहोर यायला थंडीइतकंच काडी जून असणं लागतं, पालवी आल्यावर तीन-चार महिने तरी. गेल्या वर्षी ज्या कलमाने भरपूर फळ दिलं ते यंदा पालवीवर जातं, ज्याने दिलं नाही ते आधी मोहरतं, हापूस वर्षाआड धरतो तो असा. तेच एका झाडाच्या दोन फांद्यांतही होतं. नोव्हेंबरची काडी फेब्रुवारीत जून होईल, तेव्हा रात्री गार असल्या तर मोहरेल, नाहीतर परत पालवेल. कल्टार (मोहोर लवकर यावा म्हणून मुळाशी घालायचं औषध) घातलं होतं का?

धागाकर्ती:
नाही दादा, काका कल्टारच्या विरोधात आहेत, झाड म्हातारं होतं म्हणतात.

रत्नागिरीकर बागायतदार:
मापात घातलं तर नाही होत, झाडाच्या विस्ताराच्या व्यासाच्या दर मीटरला ३ मिली, जुलै-ऑगस्टमध्ये बुंध्याभोवती. लोक दुप्पट ओततात आणि नाव औषधाचं. पण तो विषय पुढच्या पावसाळ्याचा. आत्ता तुमचा पुनर्मोहोर आहे, म्हणजे फळं असलेल्या काडीवरच पुन्हा आलेला मोहोर, त्याला दापोली कृषी विद्यापीठाची शिफारस आहे जिबरेलिक ॲसिड (जिबरेलिन, झाडाच्या वाढीचं संप्रेरक) ५० पीपीएम, म्हणजे १ ग्रॅम २० लिटर पाण्यात. एक फवारणी पुरेसा मोहोर आल्यावर, दुसरी फळं वाटाण्याएवढी असताना. पावडर साधी असेल तर पाण्यात विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात टाकायची.

एक वाचक (कृषी पदवीधर, बाग नाही):
यात गंमत अशी की कल्टार झाडातलं जिबरेलिन बनणं कमी करतं म्हणून मोहोर लवकर येतो, आणि इथे तेच जिबरेलिन बाहेरून देऊन नको असलेला मोहोर थांबवायचा. म्हणूनच ज्या फांदीवर अजून मोहोरच नाही तिथे हे चुकूनही मारू नका, तिथला पहिला मोहोर पण अडेल. तुमच्या कलमावर दोन्ही प्रकारच्या काड्या आहेत त्यामुळे फवारणाऱ्याला फांदी दाखवून द्यावी लागेल, नळी धरून सरसकट चालणार नाही. फळं टिकायला १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट खत) एक टक्क्याची फवारणी, वाटाणा, गोटी आणि अंड्याएवढी असताना. आणि मोहोर पूर्ण फुललेला असेल तेव्हा कीटकनाशक नको, आंब्याचं परागीभवन बरंचसं माश्याच करतात, त्या मेल्या तर तुडतुडा (मोहोराचा रस शोषणारा किडा) जाईल पण कणी पण धरणार नाही.

धागाकर्ती:
हे फांदी बघून मारायचं कुणीच सांगितलं नव्हतं, दुकानदाराने तर पूर्ण बागेचं औषध काढून ठेवलं होतं! पण मग बाहेर आलेले बोंगे?

रत्नागिरीकर बागायतदार:
फुटलेला बोंगा औषधाने मागे जात नाही, पुढचे अडतात. कलमं लहान असतील आणि हात पोचत असेल तर फळाजवळचे कोवळे बोंगे मोडा, उंच झाडावर गडी चढवून हे परवडत नाही. आधी अंदाज बघा, रात्रीचा पारा वर जाणार असेल तर पुनर्मोहोर आपोआप कमी येतो आणि औषधाचा खर्च वाचतो.

एक वाचक (कृषी पदवीधर, बाग नाही):
अजून एक, पाच-सहा कलमं निवडा आणि प्रत्येकाच्या चारही बाजूंच्या दोन-दोन काड्यांना रंगीत चिंध्या बांधा. पालवी कधी आली, बोंगा कधी, फूल कधी, कणी कधी, काकांना फक्त तारखेचा फोटो पाठवायला सांगा, वही तुम्ही ठेवा. दोनतीन हंगाम झाले की कुठली बाजू कधी पालवते ते दिसतं, आणि पुढच्या वेळी फवारणी कुठल्या फांदीला हे ठाण्यातून पण सांगता येईल.

धागाकर्ती:
चिंध्यांचं आजच सांगते. काका म्हणालेत जुन्या लुंग्या भरपूर आहेत. फवारणी शनिवारी, तोवर पारा बघते. कणीचे फोटो इथेच टाकेन.