हिंडलग्यातून सुटून आलेल्या पोराला कामावर घ्यावं का?

उद्यमबाग_मशीनशॉप

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत माझं छोटं मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिल, एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन). फौंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचं जॉबवर्क करतो. आमच्या वडगावातल्या गल्लीतला बावीस वर्षांचा एक पोरगा नुकताच हिंडलग्याच्या जेलमधून सुटून आलाय. दोघा दोस्तांबरोबर घरफोडी केली होती, शिवाय एक मोटारसायकल. शिक्षा पुरी भोगून आलाय. त्याची आई यंत्रमागावर जाते. सकाळी आमच्या दारात थांबते आणि म्हणते, "भाऊ, झाडलोटीला का होईना, घ्या की त्याला."

शॉपमधली पोरं म्हणतात, तो आला तर आमचे मोबाईल कुठं ठेवायचे? गनमेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) स्क्रॅप मागं पत्र्याखाली उघडाच पडलेला असतो. पोरगा वर्षभर आयटीआयला गेलेला आहे, मापाचा व्हर्नियर वाचता येतो, हात चांगला आहे.

एकदा चोरी केलेला माणूस परत करतोच का? यावर कुणी नीट अभ्यास केलाय का? गल्लीतली मतं मला पाठ आहेत, ती नकोत.

निपाणीकर_कापडवाला

दादा, नाही घेतलात तर बरं. माझं निपाणीत कापडाचं दुकान आहे. एकदा शटर उचकटून गल्ला आणि साड्या नेल्या. पंचनामा झाला, कुलूप बदललं. महिनाभरात परत तेच शटर, त्याच कोपऱ्यातून. रक्तातच असतंय ते, काम देऊन जात नाही.

आणि एक विचारू? चोराला काम द्यायची चर्चा सगळे करतात. ज्याचं गेलं त्याला कोण विचारतंय? माझी बायको अजून रात्री शटर वाजलं म्हणून उठून बसते.

निवृत्त_प्रोबेशन_ऑफिसर

माझी सगळी नोकरी याच कामात गेली. कोर्टानं अहवाल मागितला की आरोपीच्या घरी जायचं, शेजाऱ्यांशी, मालकाशी बोलायचं, आणि तुरुंगात न धाडता बाँडवर, म्हणजे नीट वागण्याच्या लेखी हमीवर, सोडता येईल का ते लिहून द्यायचं. १९५८ च्या प्रोबेशन कायद्याखालचं काम. त्यामुळं जरा लांब लिहितो.

आधी निपाणीकर, तुमचं. दुकान दुसऱ्यांदा फुटलं हा निव्वळ दुर्दैवाचा भाग नव्हता. एकदा फुटलेली जागा परत फुटण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, आणि पहिल्या काही आठवड्यांत ती सगळ्यात जास्त. आत कसं शिरायचं, काय न्यायचं राहिलं, हे चोराला कळलेलं असतं. मँचेस्टरजवळ रॉचडेलमध्ये कर्कहोल्ट नावाची वसाहत आहे. १९८० च्या दशकात तिथं घरफोड्यांनी कहर केला होता. गुन्ह्यांचे अभ्यासक केन पीझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळी वसाहत राखत बसण्याऐवजी नुकत्याच फुटलेल्या घरांवर लक्ष धरलं. घरोघरी नाणी टाकायचे मीटर होते, चोर त्यातली नाणी काढून न्यायचे. ते मीटर काढले. दारं-खिडक्या पक्क्या केल्या. शेजारच्या पाच-सहा घरांना त्या एका घरावर नजर ठेवायला सांगितलं. काही वर्षांत घरफोड्या पाव हिश्श्यावर आल्या. म्हणून सांगतो, नुसतं कुलूप बदलून भागत नाही. तो कोपरा आतून पक्का करायला हवा होता, अजूनही करा. वहिनींना जे होतंय त्याला भित्रेपणा म्हणू नका. घर-दुकान फुटलेल्या किती जणांना मी महिनोन्महिने तसं होताना पाहिलंय. तुमचा प्रश्न रास्त आहे, आमच्या अहवालात ज्याचं गेलं त्याच्यासाठी चार ओळीसुद्धा नसायच्या.

पण "रक्तातच असतंय" हे मी मुळीच मानत नाही. इटलीच्या लोंब्रोसो नावाच्या डॉक्टरनं १८७६ मध्ये मांडलं होतं की गुन्हेगार जन्मजात असतो, चेहऱ्यावरून, कवटीवरून ओळखता येतो. चार्ल्स गोरिंगनं इंग्लंडातल्या तीन हजारांच्या आसपास कैद्यांची मापं घेतली आणि १९१३ मध्ये दाखवून दिलं की असा वेगळा शारीरिक साचा काही नसतो. आपल्याकडं मात्र याच समजुतीवर इंग्रजांनी १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा केला आणि जातीच्या जाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या. पुढं हुबळी, गदग, सोलापूरला त्यांना वसाहतींत डांबून हजेऱ्या घेतल्या. कायदा १९५२ मध्ये गेला. चोरी झाली की आजही बोट आधी कुठल्या वस्तीकडं जातं ते आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे.

आता मूळ प्रश्न. होय, अभ्यास झालाय. फिलाडेल्फियात मार्व्हिन वुल्फगँग आणि सहकाऱ्यांनी १९४५ साली जन्मलेल्या ९,९४५ मुलांची अठरा वर्षांपर्यंतची पोलिसांतली नोंद तपासली. साधारण तिघांत एकाचं नाव कधी ना कधी पोलिसांत गेलं होतं. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांचं परत कधी आलंच नाही. उलट ६२७ जणांच्या, म्हणजे सहा टक्क्यांच्या, नावावर निम्म्याहून जास्त गुन्हे होते. म्हणजे परत परत करणारे आहेत, पण थोडे. तुमचा पोरगा कुठल्यातला, हे नुसत्या "चोर" या शिक्क्यावरून सांगता येत नाही.

बॉस्टनकडच्या सुधारगृहांतल्या ५०० मुलांची माहिती ग्ल्यूक नवराबायकोनं गोळा केली होती. तिचे खोके हार्वर्डच्या कायद्याच्या लायब्ररीत तळघरात पडून होते. ते लाऊब आणि सॅम्पसन या अभ्यासकांनी बाहेर काढले आणि त्याच मुलांचा पुढं सत्तरीपर्यंत मागोवा घेतला. बहुतेक सगळे कधी ना कधी थांबलेले. कशानं? टिकणारं काम, चांगला संसार, जुन्या संगतीपासून तुटणं. शिक्षा किती लांब होती यानं थेट फारसं काही ठरलं नाही.

एक गोष्ट मात्र लपवत नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात सुटून आलेल्यांना मुद्दाम कामं देऊन पाहिलं. सव्वीसच्या पुढच्यांवर त्याचा चांगला परिणाम दिसला. त्याहून लहान पोरांवर तसा दिसला नाही. तुमचा पोरगा बावीसचा. त्यामुळं काम दिलं म्हणजे झालं, असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी तो कुणाबरोबर असतो, हे पगाराइतकंच महत्त्वाचं.

अनगोळमधल्या एका पोराचं सांगतो. गॅरेजवाल्यानं त्याच्याकडं पान्यांची पेटी दिली. रोज शटर ओढायच्या आधी तो ती बोनेटवर उघडायचा, आठ-नऊपासून बत्तीसपर्यंत एकेक पाना फडक्यानं पुसून ओळीनं मांडायचा आणि मालक मोजायचा. पुढं एकदा रिंग पाना हरवला तेव्हा सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडं गेल्या. मालक म्हणाला, काल रात्री मी मोजलेत, पुरे होते. आज सकाळी पेटी कुणी उघडली ते बघा. पाना गिऱ्हाइकाच्या गाडीत सापडला. पोरगा टिकला तो त्या मोजणीमुळं, असं माझं मत आहे.

तुम्हीही स्क्रॅप रोज वजन करून वहीत लिहा, तो येण्याच्या आधीपासून. सगळ्यांसाठी तोच नियम. यात तुमच्या मालापेक्षाही त्याची राखण जास्त आहे.

खानापूर_वकील

कायद्याचं थोडक्यात. खाजगी मालकानं शिक्षा झालेल्याला कामावर घेऊ नये असा सर्वसाधारण कायदा नाही. प्रोबेशनवर सुटलेल्याला त्याच १९५८ च्या कायद्याच्या कलम १२ चं संरक्षण मिळतं, म्हणजे शिक्षेमुळं येणारी अपात्रता त्याला लागत नाही. हा पोरगा शिक्षा भोगून आलाय, त्यामुळं ते त्याला नाही. पुढं कधी सरकारी नोकरीचा फॉर्म भरला तर त्यानं केस लपवू नये. लपवणं हे स्वतंत्र कारण धरून नोकरी जाऊ शकते. कामावर घेताना लेखी नेमणूक द्या, ईएसआय-पीएफ लागू असेल तर पहिल्या दिवसापासून लावा.

मच्छे_फिटर

मी स्वतः आत राहून आलोय. म्हणून लिहितो.

सुटलो तेव्हा घरचं कोण आलं नव्हतं. दोस्त आलेले, गाडी घेऊन. जेवायला नेलं, नवा मोबाईल हातात दिला. सिम बंद पडलेलं, आधार कुठं ठेवलंय ते आईला ठाऊक नाही, खिशात काही नाही. पण दोस्त फुकट देत नाहीत की. चार दिवसांनी "एक काम आहे" म्हणून आलेच. त्याच आठवड्यात माझ्या मामानं मच्छेला कामाला लावलं आणि स्वतःच्या घरी झोपायला ठेवलं. गल्लीतच राहिलो असतो तर मी परत आत गेलो असतो, हे मी लिहून देतो.

निपाणीकर मामा, तुमचा राग बरोबर आहे. ज्यांच्या घरात मी शिरलो त्यांची म्हातारी कोर्टात माझ्याकडं बघत होती, ते मला विसरता येत नाही.

उद्यमबाग_मशीनशॉप

सर, फिटर भाऊ, मनापासून आभार. आज वजनकाटा मागं नेऊन ठेवला आणि वही घातली. पोरांना सांगितलं, मोबाईलसाठी प्रत्येकाला कुलपाचा कप्पा देतो, माझाही त्यातच. दोन प्रश्न राहिले. त्याची केस शॉपमध्ये उघड सांगावी का? आणि पगार महिन्याला द्यावा की आठवड्याला?

निवृत्त_प्रोबेशन_ऑफिसर

ठाऊक सगळ्यांना आहेच, तेव्हा लपवू नका. पण एकदाच सांगा, त्याच्यासमोर, आणि त्यानंतर चेष्टेतसुद्धा विषय निघू देऊ नका. झाडलोटीवर ठेवू नका. ड्रिलवर उस्तादाच्या हाताखाली द्या. शिकायला मिळालं तर टिकेल. आणि किती वर्षं नजर ठेवायची असं मनात आलं तर: ब्लमस्टीन आणि नाकामुरा या अभ्यासकांनी न्यूयॉर्कच्या पोलिसांतल्या नोंदी तपासल्या. अठराव्या वर्षी पहिल्यांदाच घरफोडीत पकडलेले जे परत सापडले नाहीत, त्यांचा धोका चारेक वर्षांत त्याच वयाच्या चारचौघांइतका झाला होता.

मच्छे_फिटर

पगार आठवड्याला. खरं सुट्टीच्या आदल्या दिवशी देऊ नका, दोस्त त्याच दिवसाची वाट बघत असतात. आठवड्याच्या मधल्या वारी द्या. पहिला पगार त्याच्याच हातात द्या, आईच्या नको; घरी तो स्वतः देऊ दे. आणि पोरगा तयार असेल तर सुट्टीच्या दिवशी मच्छेला पाठवा, आमची क्रिकेटची टीम आहे, सकाळी सातला ग्राउंडवर असतो.