कॅनडातला कार्बन कर: पैसे परत मिळूनही लोक का चिडले?

पर्वतीपायथा:
माझा भाऊ ओंटॅरिओत असतो. एप्रिल २०२५ मध्ये तिथला कार्बन कर, म्हणजे पेट्रोल-गॅससारख्या इंधनावरचा कर, उठला तेव्हा तो खूश होता. पण मी वाचलं होतं की त्या कराचे बहुतेक पैसे लोकांच्याच खात्यात परत जायचे. मग नुकसान नेमकं कोणाचं होत होतं? आणि असा कर आपल्याकडे आला तर दोन दिवे नि एक पंखा असलेल्या घराचं काय? तिथल्या कोणी स्वतःच्या बिलावरून सांगाल का?

लेकशोर:
आम्ही ओंटॅरिओतल्याच मिसिसागात, चौघं जण. २०२४-२५ चा हिशोब सांगते. कार्बन डायऑक्साइडच्या टनामागे ८० डॉलर दर होता. पेट्रोलवर लिटरला १७.६ सेंट, घर तापवायच्या गॅसवर घनमीटरला १५.२५ सेंट. आमचा गॅस वर्षाला दोन हजार घनमीटर धरा, म्हणजे ३०५ डॉलर. गाडीचे तेराशे लिटर, म्हणजे २२९. त्यावर एचएसटी (इथला विक्रीकर) धरला तरी सहाशेच्या आसपास. परतावा दर तिमाहीला २८०, वर्षाचे ११२०. किराण्याच्या भावात मुरलेला कर वेगळा, पण तो धरूनही आम्ही फायद्यातच होतो. बेसमेंटमध्ये भाड्याने राहणारा, बसने फिरणारा एकटा माणूसही वर्षाला ५६० घ्यायचा. कमी जाळणाऱ्याच्या हातात जास्त उरायचं, आणि मला ते मनापासून पटत होतं.

घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. गॅसच्या बिलावर कराची ओळ दर महिन्याला ठळक दिसायची. परतावा मात्र आधी टॅक्स रिटर्नमध्येच जिरायचा. जुलै २०२२ पासून तो तिमाही खात्यात यायला लागला, तेव्हाही पासबुकात असं काही नाव उमटायचं की हे पैसे कसले तेच कळत नसे. माझ्या शेजारणीला तो मुलांचा भत्ताच वाटायचा. घेताना सांगून घेतलं, देताना गुपचूप दिलं. असा कर टिकणार कसा?

बर्फाळ_कॅल्गरी:
लेकशोरताई, हिशोब बरोबर आहे, पण आमचा राग नुसत्या पासबुकावरून नव्हता. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने घर तापवायच्या तेलावरचा कर तीन वर्षांसाठी थांबवला. ते तेल मुख्यतः अटलांटिक किनाऱ्यावरच्या प्रांतांत वापरतात. आमच्याकडे उणे तिशीतही घरोघर नैसर्गिक वायू, त्याला सूट नाही. आमच्या आल्बर्टा प्रांताचा परतावा मोठा होता, चौघांना वर्षाला १८००. तरी एकाला सूट दिल्यावर दुसऱ्याने गप्प का बसावं? पुढे शेजारच्या सास्काचेवान प्रांताने गॅसवरचा कर गोळा करणंच बंद केलं. मी कराच्या बाजूचा होतो, पण त्या हिवाळ्यात ऑफिसात त्याची बाजू घेणं मला जमेना.

चांदागड:
भारतात असा कर येऊन गेलाय. २०१० साली कोळशावर टनाला ५० रुपये उपकर लागला, २०१६ पर्यंत तो ४०० झाला. पैसे आधी स्वच्छ ऊर्जेच्या निधीत जायचे. २०१७ नंतर ते राज्यांना जीएसटीची भरपाई द्यायला वळवले. घरातल्या माणसाला त्यातला छदामही मिळाला नाही. मी चंद्रपूरचा. दोरीवर वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी झटकून आत घ्यावा लागतो. तो कोळसा आमच्या नाकातोंडात जातो, म्हणून हे मनाला लागतं.

पर्वतीपायथा:
सगळ्यांचे आभार. पण आपल्याकडे विजेचे स्लॅब आहेतच की, १०० युनिटपर्यंत स्वस्त, वर महाग. परतावा तसाच बिलातून वजा केला तर?

चांदागड:
नको. स्लॅब मीटरवर असतो, माणसांवर नसतो. आमच्या वाड्यात एका मीटरवर तीन बिऱ्हाडं आहेत, तीनशे युनिट सहज ओलांडतात. एकटा राहणारा एसी लावूनही खालच्या स्लॅबात बसू शकतो. शिवाय भाडेकरूच्या नावावर मीटर नसतोच, वजावट घरमालकाच्या खिशात जाईल. परतावा द्यायचा तर माणशी, सारखा, थेट खात्यात. लाडक्या बहिणीचे १५०० जमा झाले की आमच्या गल्लीत तासाभरात सगळ्यांना कळतं. तसंच हेही कळलं पाहिजे, आणि मेसेजमध्ये मराठीत लिहिलेलं असावं की हा कोळशाच्या कराचा तुमचा वाटा.