चटईच्या कारखान्यात शिफ्ट ड्युटी आणि फिंगरस्टाइल गिटार: कसं जमवायचं?

लूम_आणि_तार (जळगाव)
एमआयडीसीत चटईच्या लूमवर सुपरवायझर आहे. दर आठवड्याला शिफ्ट बदलते: फर्स्ट, सेकंड, नाइट. गणपतीत कॉलनीच्या कार्यक्रमात फिंगरस्टाइलचे (बोटांनी तारा छेडून वाजवायचे) दोन पीस वाजवायचे आहेत. रोज अर्धा तास मिळतो, तोही कधी पहाटे, कधी रात्री. धागा जोडताना उजव्या हाताची नखं तुटतात. त्यात मे लागल्यापासून गिटार दांडीवरच्या बाराव्या फ्रेटच्या (धातूच्या आडव्या पट्टीच्या) वर खरखरते. सॉलिड टॉप (पुढची फळी अखंड लाकडाची), १२-५३ च्या तारा (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात), खोलीत कूलर. ११ चा (बारीक तारांचा) सेट लावून अर्धा सूर उतरवला तर चालेल का?

सागवान
भाऊ, आत्ता ते दोन्ही नको. तारांचा ताण कमी झाला की नेक (दांडी) मागे सरकते, तार झोलही जास्त घेते, मग खरखर वाढेल.

मूळ कारण कोरडी हवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, लाकडातला ओलावा उडतो, टॉप खाली बसतो. त्याच्याबरोबर ब्रिज (टॉपवरची तारा अडकवायची पट्टी) बसतो आणि तार फ्रेटवर येते. नेकच्या कडेला फ्रेटची टोकं बोटाला टोचत असतील तर शंकाच नको. कूलर त्यावर इलाज नाही. चालू असताना खोली दमट, बंद केला की पुन्हा कोरडी. या चढउतारानेच टॉपला चीर जाते.

गिटार हार्ड केसमध्येच ठेवा. झाकणाला भोकं असलेल्या साबणाच्या डबीत स्पंज भिजवून, थेंब पडणार नाही इतका पिळून, हेडस्टॉकखाली (खुंट्यांच्या टोकाखाली) ठेवा. आत छोटा डिजिटल आर्द्रतामापक टाका. आकडा ४५ ते ५५ टक्क्यांत राहिला पाहिजे. स्पंज दर दोन-तीन दिवसांनी बघा. साध्या बॅगेत ओलावा टिकत नाही. आठवडाभर थांबा, तोवर ट्रस रॉडला (नेकचा बाक ठरवणाऱ्या आतल्या सळईला) हात लावू नका.

मग सहाव्या तारेला पहिला आणि चौदावा फ्रेट दाबून सातव्यापाशी फट बघा. ०.२ ते ०.३ मिमी ठीक. कमी असेल तर रॉड पाव फेरा सैल, पुन्हा सूर लावा, पुन्हा मोजा.

कार्यक्रम पावसाळ्याच्या शेवटी आहे, हे विसरू नका. तेव्हा टॉप फुगून तार वर जाईल. म्हणून सॅडल (ब्रिजवरची तार टेकायची पट्टी) दोन ठेवा, उन्हाळ्याची उंच, पावसाळ्याची बुटकी. सॅडल १ मिमी घासली की बाराव्या फ्रेटवर तार अर्धा मिमी उतरते. तिथे जाडी तार २.४ आणि बारीक १.८ मिमी असली की हात थकत नाही. पावसात डबी काढून टाका.

नाइट_शिफ्ट_भुसावळ
वेळेचं सांगतो. नाइट करून आल्यावर वाजवू नका, आधी झोप. दुपारी उठल्यावर वाजवा. फर्स्टला संध्याकाळी, सेकंडला सकाळी. अर्ध्या तासात पूर्ण पीस पुन्हा पुन्हा वाजवण्यात अर्थ नाही. जे दोन बार (तालाचे तुकडे) अडतात, तेवढेच घ्या, आदल्या एका बीटपासून. मेट्रोनोम (ताल देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर, आधी नुसता अंगठ्याचा बेस, मग बोटं. लागोपाठ तीनदा स्वच्छ आलं तरच ४ ने वाढवा. शेवटची पाच मिनिटं पूर्ण पीस, चुकलं तरी न थांबता. कार्यक्रमात थांबता येत नाही भो. घरात कुणी झोपलं असेल तर ब्रिजलगत तारांखाली फोमची पट्टी सरकवा. मनगटात मुंग्या आल्या तर त्या दिवशी बंद.

लूम_आणि_तार
सॅडलचं लक्षात आलं. नखांचं काय करू?

सागवान
लूमवर वाढलेलं नख टिकणारच नाही. बोटाच्या टोकापुढे १ मिमीच ठेवा, ६०० च्या पॉलिशपेपरने गोल करा, वर २००० चा फिरवा. खरबरीत कडेतच धागा अडकतो. अंगठ्याला थंबपिक (अंगठ्यात घालायची नखी) घाला, बेसला नख लागणारच नाही. बाकी तीन बोटांचा आवाज नख आणि मांस मिळूनच काढायची सवय लावा. एखादं नख ऐन आठवड्यात तुटलं तरी पीस अडणार नाही. आणि आंघोळीनंतर अर्धा तास थांबा, ओल्या कातडीवर तार रुतते.

नाइट_शिफ्ट_भुसावळ
ड्युटीवरून थेट प्रॅक्टिसला जायचं म्हणून गिटार पार्किंगमधल्या गाडीत ठेवू नका. बंद गाडीच्या उष्णतेने सरस मऊ होतो आणि ब्रिज मागून उचलतो. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचा तुकडा सरकला, तर लगेच तारा सैल करून कारागिराकडे न्या.